गादीखालचा हेर

३ फेब्रुवारी, सोमवार

आज संपादकांनी केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. त्यांनी स्वतःहून चहा पाजला की समोरच्याला एक तर शोकसभेचं वृत्त लिहावं लागतं, नाहीतर स्वतःची बदली गोड मानून घ्यावी लागते. त्यामुळे पहिल्या घोटालाच मनात पाल चुकचुकली.

“तुम्ही संस्कृतवाले,” ते म्हणाले. “पाठशाळेत घासलेली माणसं. तुम्हाला काहीही वाचता येतं.”

याच युक्तिवादाच्या जोरावर मी आजवर पाणीपुरवठा, कोर्टकचेरी, कुक्कुटपालन आणि एकदा मुष्टियुद्ध अशा विषयांवर लिहिलं आहे. या वेळी हृदय. एका कंपनीची यंत्रं महिनाभर घरी वापरायची. काही अंगावर घालायची, काही अंगाला न शिवता ठोके मोजणारी. मग रविवार पुरवणीत त्यांच्याबद्दल परखड लिहायचं.

“मीच का?”

“पन्नाशी उलटलेला माणूस हवा. वाचकाला आपला वाटेल असा.”

“आणि माझे आकडे कोण बघणार?”

“तुम्ही. कंपनी.” मग कप खाली ठेवून, “बाकी बघू.”

ते ‘बघू’ मी घरी घेऊन आलो आहे. आमच्या क्रीडा वार्ताहराला मागच्या वर्षी ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ मैदानावरून उचलून शब्दकोड्यांवर बसवलं. तो माणूस अजून धावत बस पकडतो. मला उभे-आडवे शब्द जुळवत निवृत्त व्हायचं नाही.

संध्याकाळी कंपनीचा प्रतिनिधी आला. गृहस्थ माझ्याच वयाचे, पण जिभेवर मध. मी मनातल्या मनात त्यांचं नाव मधुमुख ठेवलं. त्यांनी खोक्यातून एकेक वस्तू काढली. मनगटावरचं घड्याळ: ते कातडीत हिरवा उजेड टाकतं आणि रक्ताच्या चढउताराप्रमाणे परतून आलेल्या उजेडावरून ठोके मोजतं. छातीला बांधायचा पट्टा. भिंतीवर लावायची एक डबी, जी लांबूनच छातीची हालचाल टिपते. आणि गादीखाली ठेवायची एक कापडी पट्टी.

“पट्टीला अंग लागावं लागत नाही, सर. हृदयाचा ठोका पडला की शरीराला बारीकसा हिसका बसतो. तो गादीतून खाली पोचतो.”

“म्हणजे मी झोपेत दर ठोक्याला हलतो?”

“सगळेच हलतात, सर.”

इतकी वर्षं एकाच हुद्द्यावर काढल्यानंतर आपण हलतो हे ऐकून बरं वाटलं.

आमच्या पलंगावर दोन सुट्या गाद्या शेजारी-शेजारी आहेत, एक माझी, एक बायकोची. मधुमुखांनी माझ्या गादीच्या खालच्या अंगाला, छातीच्या पातळीवर, इलॅस्टिकनं पट्टी बांधली. तेवढ्यात बायको आली. ती गाडी चालवायला शिकवते. शिकणाऱ्याच्या शेजारी तिच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच असलेली छोटी गाडी आहे. आमच्या भागातल्या निम्म्या बायका तिच्या हाताखालून गेल्या आहेत. घरातला मी मात्र अजून पायी.

“याला काय काय कळतं?” तिनं विचारलं.

“ठोके, श्वास, झोप, उठणं-बसणं. सगळं, मॅडम.”

“आणि हे सांगतं कुणाला?”

“सरांच्या फोनवर येतं. आमच्याकडेही.”

“बरं,” म्हणून ती आत गेली. गॅरेजवाल्याला बिल विचारतानाचा तिचा हाच सूर असतो.

५ फेब्रुवारी, बुधवार

भिंतीवरच्या डबीला मी माझी टोपी घातली आहे. कुणी टक लावून बघत असताना मला लिहिता येत नाही. छातीच्या पट्ट्यानं गुदगुल्या होतात, तोही बाद. उरले दोघे, घड्याळ आणि गादीखालची पट्टी. त्यांचं परस्परांशी तंतोतंत जुळतं. घड्याळ म्हणतं साठ, तर पट्टीही साठ.

कोर्टात वर्षानुवर्षं बसल्यावर एक गोष्ट कळते. दोन साक्षीदार शब्दाला शब्द जुळवून बोलायला लागले की त्यांना कुणीतरी पढवलेलं असतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

काल आमच्याकडे अंथरुणाचा वार्षिक जीर्णोद्धार झाला. वर्षातून एका रविवारी बायको मला वर्तमानपत्रासकट झोपायच्या खोलीतून बाहेर काढते आणि दार लावून घेते. आत काय चालतं ते मला आजतागायत ठाऊक नाही. धप्पधप्प आवाज येतात, धूळ येते, आणि संध्याकाळी पलंग नव्यासारखा दिसतो. काल आवाज मध्येच थांबले.

“झालं का गं?” मी ओरडलो.

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. “बसलेय जरा. तुम्ही वाचा.”

मी वाचलं.

आज पाठ धरली आहे. दर वर्षी याच सुमारास धरते. ऋतुसंधी, दुसरं काय. शिवाय गादीत मी परिश्रमपूर्वक तयार केलेला खड्डा नाहीसा झाला आहे. पहाटे चाचपडताना तो सापडला, पण बायकोच्या बाजूला. आमच्या घरातल्या सगळ्याच वस्तू शेवटी तिच्या पक्षाला जाऊन मिळतात.

आणि आज दोन साक्षीदार प्रथमच फुटले. घड्याळ म्हणतं, सर्व ठीक. पट्टी म्हणते, ‘ठोके अनियमित’, शेजारी लाल ठिपका. मी चहाच्या वेळी वाचून दाखवलं. बायको चहा ओतता ओतता थांबली.

“अनियमित म्हणजे?”

“मध्येच एखादा ठोका गैरहजर. मग दोन-तीन धावत येतात. ऑफिसात उशिरा येणाऱ्यांसारखे.”

“पुढे वाचा ना.”

पुढे वाचलं. माझ्या एखाद्या लेखासाठी तिनं असं कान टवकारल्याचं आठवत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आता रोज सकाळी पहिला प्रश्न तोच. “काय म्हणतेय पट्टी?”

मी वाचतो, हातवारे करतो, पट्टीची नक्कल करतो. कालच्या अहवालानुसार मी पहाटे उठून बराच वेळ पलंगाच्या कडेवर बसून होतो. मी तर ओंडक्यासारखा झोपलो होतो, घड्याळ त्याला साक्षी आहे. “ही पट्टी कादंबरी लिहिते आहे,” मी म्हणालो. बायको हसली नाही. पुन्हा एकदा तीच ओळ वाचायला सांगितली.

हिला एवढा रस कशात? माझ्या हृदयात असेल तर इतकी वर्षं तो फार चांगला लपवला होता.

१५ फेब्रुवारी, शनिवार

खिडकीतून एक दृश्य पाहिलं आणि टिपून ठेवतो आहे.

बायकोची गाडी गल्लीत येऊन थांबली. चालवत होत्या मास्तरीणबाई, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. वाहन परीक्षेत दोनदा नापास झाल्या आहेत आणि आता तिसऱ्यांदा बसणार आहेत. त्या उतरून गेल्या. बायको मात्र आपल्या जागी तशीच बसून राहिली. इंजिन बंद, काच वर. मी दाढी करून आलो तरी ती तिथंच. फोनवर बोलत असणार, आणि घरात येऊन बोलता येत नाही असं काहीतरी.

संशय कुणावर घ्यायचा हे मला तत्काळ कळलं. मी कन्येला फोन लावला. कन्या परगावी नोकरी करते आणि तिथून आमच्यावर राज्य करते.

“आई आत्ता तुझ्याशी बोलत होती का?”

“नाही बाबा. का?”

तो ‘का’ फार चटकन आला.

“सहज.”

“बाबा, आई बरी आहे ना? परवा बोलताना तिला दम लागत होता.”

“जिना चढत असेल.”

“खुर्चीत बसलेय म्हणाली.”

म्हणजे दम आणि खुर्ची यांच्या जबान्या जुळत नाहीत. खोलात जायला हवं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

प्रकरण गंभीर वळणावर. मी आंघोळीला जाताना घड्याळ काढून फळीवर ठेवतो. आज बाहेर आलो तर त्याचा पट्टा माझ्या नेहमीच्या भोकावर नव्हता, पार आतल्या भोकावर होता. माझं मनगट तेवढं बारीक मी पाठशाळेत असताना होतं. आणि फोनवर त्या वेळेची नोंद: नाडी जलद, अनियमित. मी डोक्याला साबण लावून उभा आणि माझी नाडी बाहेर फळीवर.

कंपनी लांबून आकडे घुसवते आहे हे उघड आहे. पट्ट्याचं भोक लांबून कसं बदलतात, एवढाच दुवा अजून सापडलेला नाही.

दुसरी नोंद. बायकोच्या गाडीची चाकं हल्ली मातीनं माखलेली असतात. तिच्या शिकवणीचा रस्ता डांबरी आहे. विचारलं तर म्हणाली, “नवीन रस्ता.” कुठला ते सांगितलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मधुमुखांचा फोन. आज जिभेवर मध कमी होता.

“सर, पट्टीचे आकडे आमच्या लोकांनी पाहिले. यंत्राचा दोष वाटत नाही. मध्ये मध्ये ठोके थांबताहेत. तुम्ही डॉक्टरांना दाखवा. वेळ लावू नका.”

“आणि डॉक्टर तुमच्याच ओळखीचे असतील.”

“कुणाकडेही जा, सर. पण जा.”

माल खपवायची ही रीत मला ठाऊक आहे: आधी भीती विकायची, मग औषध. तरीही फोन ठेवल्यावर मी घाबरलो होतो. इथं खोटं लिहिण्यात अर्थ नाही. पट्टी लबाड आहे असं मी रोज म्हणतो, पण लबाड माणूसही कधीमधी खरं बोलून जातो. जेवण गेलं नाही. शब्दकोडी डोळ्यांपुढे नाचली आणि त्याहून वाईटही काही नाचलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

गावातल्या हृदयतज्ज्ञ बाईंकडे जाऊन आलो. अंगभर तारा चिकटवल्या, चालत्या पट्ट्यावर पळवलं. निकाल असा: हृदय उत्तम, पोट अनावश्यक.

घरी येऊन ही वार्ता विजयी वीराच्या थाटात दिली. बायको भांडं पुसत होती.

“म्हणजे तुमच्यात काहीच नाही.”

“काहीच नाही. पट्टी खोटारडी.”

“बरं झालं,” ती म्हणाली आणि पुसलेलं भांडं पुन्हा पुसायला लागली.

नवरा मरणार नाही हे कळल्यावर बाईनं थोडा तरी आनंद दाखवावा. मी काही आरास वगैरे मागत नव्हतो. पण चेहरा पडलेला पाहिल्यावर माणसाच्या मनात नाही नाही ते येतं. आलं. लिहून काढलं आणि खोडलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

सापडला. चोर रंगेहाथ सापडला.

काल धरणाच्या दुरुस्तीच्या बातमीसाठी बाहेरगावी गेलो होतो आणि तिथल्या विश्रामगृहात मुक्काम केला. घड्याळ मनगटावर होतं. सकाळी फोन उघडतो तर पट्टीचा रात्रीचा अहवाल हजर. मी पलंगावर नव्हतो, त्या घरात नव्हतो, त्या गावात नव्हतो. तरीही पट्टीनं रात्रभर माझे ठोके मोजले, त्यातले काही चुकवले, काही पळवले आणि पहाटे मला उठवून कडेवर बसवलंसुद्धा.

न्यायशास्त्रात याला काय म्हणतात ते मी गाडीत बसल्या बसल्या आठवत होतो. तिथं कारणच नाही आणि कार्य मात्र घडतं आहे. गुरुजी असते तर पट्टीला बाकावर उभं केलं असतं.

घरी येऊन बायकोला सांगताना मला हसू आवरेना. ती खुर्चीत बसली होती.

“काल किती वेळा थांबली?” तिनं विचारलं.

“कोण?”

“तुमची पट्टी.”

“अगं, मी नव्हतोच! थांबली काय आणि पळाली काय.”

“सांगा तरी.”

मी वाचून दाखवलं. गेल्या सगळ्या रात्रींपेक्षा जास्त. ती म्हणाली, “हं,” आणि गाडीची किल्ली हातात घेतली. मग परत खिळ्याला अडकवली. मग पुन्हा घेऊन गेली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

लेख दिला. मथळा: ‘गैरहजर माणसाचं हृदय’. संपादकांनी माझ्यासमोर वाचला आणि दोनदा खळखळून हसले. रविवारी छापणार. मधुमुखांना उद्या दुपारी घरी बोलावलं आहे. पट्टी त्यांच्या हातात ठेवून, त्यांच्या तोंडावर वाचून दाखवणार आहे.

रात्री जेवताना बायकोला तारीख सांगितली. “छापून टाकाच,” ती म्हणाली. “लोक निदान हसतील.” कौतुक होतं की टोमणा, कळलं नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

जसं झालं तसं लिहितो.

मधुमुख यायच्या आधी पट्टी काढून ठेवावी म्हणून मी माझी गादी उचलली. आयुष्यात पहिल्यांदा. गादी एवढी जड असते हेही आजच कळलं. खाली पट्टी नव्हती.

पहिला विचार: कंपनीनं पुरावा पळवला. कुणाकडून? अर्थात आतल्या माणसाकडून. याच तिरीमिरीत मी दुसरी गादी उचलली. बायकोची.

पट्टी तिथं होती. मधुमुखांनी बांधली होती तशीच, त्याच इलॅस्टिकनं. आणि वरच्या बाजूला, चादर सरकली तिथं, माझा खड्डा.

मी पलंगाच्या कडेवर बसलो. पहाटे पट्टीनं मला जिथं बसवलं होतं तिथंच. मग बाकीचं सगळं एकामागून एक आपोआप येत गेलं. घड्याळाचं आतलं भोक. भांडं पुसणं. खुर्चीत बसून लागलेला दम. “पुढे वाचा ना.” मी तिला रोज सकाळी चहाबरोबर काय वाचून दाखवत होतो ते.

फोन लावला. तिनं उचलला नाही. शिकवणीच्या वेळात ती उचलत नाही, हा तिचाच नियम. मधुमुखांना येऊ नका म्हणून कळवलं आणि खाली गल्लीत जाऊन उभा राहिलो. येणारी प्रत्येक गाडी तिची नव्हती.

शेवटी आली. मास्तरीणबाई उतरल्या, मला पाहून म्हणाल्या, “आज स्वागताला?” आणि गेल्या. बायको आपल्या जागी होती, डोकं मागे टेकलेलं. मी स्टिअरिंगसमोर, शिकणाऱ्याच्या सीटवर जाऊन बसलो.

डोळे न उघडता ती म्हणाली, “पट्टा लावा.”

लावला.

“मी गादी उचलली,” मी म्हणालो.

“कधी नव्हे ते.”

“पट्टी तुझ्या गादीखाली आहे.”

“तुमच्याच गादीखाली आहे. गादी माझ्या बाजूला आहे. टायर फिरवतात तशा मी गाद्या फिरवते, वर्षातून एकदा. झीज सारखी होते. नाहीतर तुम्ही एव्हाना जमिनीला लागला असता.”

दर वर्षी माझी पाठ का धरते ते तेव्हा कळलं. पण ते महत्त्वाचं नव्हतं.

“फिरवताना पट्टी दिसली असेल.”

“दिसली. सोडत होते, तर त्या दिवशीच पहिल्यांदा डोळ्यांपुढे अंधारी आली. बसले जरा. मग म्हटलं, राहू दे इथंच. बघू काय म्हणते.” तिनं डोळे उघडले. “तुम्ही रोज वाचून दाखवत होता. नकला करून.”

त्या नकला मला एकेक करून आठवल्या.

“सांगायचं होतंस.”

“कुणाला? तुमचे आकडे ऑफिसात पोचतील म्हणून तुम्ही भिंतीला टोपी घालता. माझा तर परवानाच जाईल हो. एकदा कागदावर आलं की शिकवणं संपलं. मास्तरीणबाईंची परीक्षा सोमवारी आहे. म्हटलं, तेवढी होऊ दे. आणि तुम्ही डॉक्टरकडे गेलात ना, तेव्हा वाटलं, तुमच्यातही थोडंसं निघालं तर पट्टी खरंच बिघडलेली असेल.”

म्हणून भांडं दोनदा पुसलं.

“आणि रस्त्यावर काही झालं असतं तर? शेजारी शिकणारी बाई असते.”

“रस्त्यावर नेतच नाही कुणाला. कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत सगळ्यांना रिव्हर्स शिकवतेय. एवढं रिव्हर्स जगात कुणाला येत नसेल.”

“घरापर्यंत तर येतेस.”

हे समर्थन तिला स्वतःलाही पटत नव्हतं. किल्ली काढून तिनं माझ्या हातात दिली. ज्याला चालवता येत नाही अशा माणसाकडे किल्ली सुरक्षित राहते.

“हात दे,” मी म्हणालो.

तिनं मनगट पुढे केलं. मी बोटं ठेवली. काहीच नव्हतं. बोटं सरकवली, जोरानं दाबली. काहीच नव्हतं. घरात हृदय मोजायची चार यंत्रं आणि मला बायकोची नाडी सापडत नव्हती.

“दाबू नका,” ती म्हणाली. शिकवणीतला आवाज. “दाबलं की बंद पडतं. क्लच सोडतात तसं, हळू. अजून हळू. आता थांबा. तिथंच.”

सापडली. चालली, चालली आणि थांबली. मी मनगटाकडे बघत राहिलो. मग दोन-तीन धावत आले.

“ऑफिसात उशिरा येणारे,” ती म्हणाली. “उपमा चांगली होती.”

१ मार्च, शनिवार

त्याच हृदयतज्ज्ञ बाई. या वेळी पलंगावर मी नव्हतो. त्यांनी पट्टीचे सगळे आकडे मागून घेतले, माझी एकही शेरेबाजी न ऐकता वाचले आणि विचारलं, “इतके दिवस हे कोण बघत होतं?”

“मी,” बायको म्हणाली.

हृदय स्वतःचा ताल सोडतं, मध्येच थांबतं. थांबलेलं ओळखून त्याला धक्का देणारं एक छोटं यंत्र गळ्याजवळच्या हाडाखाली बसवायचं आहे. तोवर छातीला एक चिकटपट्टी लावली आहे, ती दिवसरात्र मोजत असते. गाडी बंद. परवान्याचं नंतर बघू, असं बाई म्हणाल्या. बायकोनं ते ‘बघू’ कसं ऐकलं ते मी पाहिलं.

कन्या संध्याकाळच्या गाडीनं आली. आईशी एक शब्दही कठोर बोलली नाही. ते सगळे माझ्यासाठी राखून ठेवले होते.

३ मार्च, सोमवार

लेख मी शनिवारीच फोन करून थांबवला होता. रविवारी त्या जागी कुक्कुटपालन छापून आलं. आज संपादकांना कारण सांगितलं, जेवढं सांगण्यासारखं होतं तेवढं.

“मग आता उलटं लिहा,” ते म्हणाले. “पट्टीनं ओळखलं. यापेक्षा चांगली गोष्ट कुठली?”

“ते हृदय माझं नाही.”

“नाव घालू नका.”

“शेजारच्या सीटवर ब्रेक असलेली गाडी घेऊन फिरणाऱ्या बायका या गावात किती आहेत?”

ते उठले. त्यांनी केबिनचं दार लावलं आणि शर्टाची बाही वर केली. मनगटावर तसंच घड्याळ, हिरव्या उजेडाचं. मागच्या पावसाळ्यापासून वापरताहेत, घरीसुद्धा खरं कारण माहीत नाही.

“माझं कुणाला सांगू नका.”

“बघू,” मी म्हणालो.

मास्तरीणबाई तिसऱ्या खेपेला पास. परीक्षकानं रिव्हर्सबद्दल खास शेरा दिला म्हणे.

१२ मार्च, बुधवार

आज बायकोला इस्पितळात दाखल केलं. टॅक्सी बोलावतो म्हटलं तर मास्तरीणबाई बायकोची गाडी घेऊन दारात उभ्या. “माझी पहिली सवारी यांचीच,” म्हणाल्या. बायको कन्येबरोबर मागे बसली आणि मला पुढे, तिच्या नेहमीच्या जागी बसवलं. म्हणजे ते जादा ब्रेक माझ्या पायाशी आले. मी पहिल्या वळणावरच दाबले.

“पाय वर घ्या,” मागून आवाज आला. “त्यांना चालवू द्या.”

पुलावर एका मोठ्या ट्रकला बाईंनी ज्या निर्धारानं मागे टाकलं, तो त्यांच्या माजी विद्यार्थ्यांना परिचित असणार. इस्पितळाच्या दारात उतरल्यावर माझं घड्याळ बघितलं. महिन्याभरातला सर्वांत मोठा आकडा. पहिल्यांदाच त्यावर संशय घ्यायला काही जागा नव्हती.

आत जाताना बायको मागे वळली. मला वाटलं, मला काही सांगते आहे. ती मास्तरीणबाईंना म्हणाली, “हँडब्रेक.”

संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. यंत्र बसलं. ठीक आहे.

२३ मार्च, रविवार

मधुमुख सामान परत न्यायला आले. टोपीसकट डबी दिली, घड्याळ दिलं, छातीचा पट्टा दिला. गादीखालची पट्टी आणखी काही दिवस ठेवू का, असं मी विचारलं. बोलताना माझा सूर त्यांच्यासारखाच मधाळ झाला होता.

“ठेवा, सर. पण या खेपेला गाद्या हलवू नका.”

गाद्या मी नाही हलवल्या. खड्डा तिच्याकडे, पाठदुखी माझ्याकडे, वाटणी झाली. मात्र चादर मी घातली, बायकोच्या देखरेखीखाली. तीन कोपरे जमतात, चौथा सुटतो. “उद्या परत,” ती म्हणाली. मला नापास करण्याची तिला घाई नाही.

डॉक्टरीणबाई परवान्याबद्दल अजून ‘बघू’च म्हणतात. बायको रोज खिडकीत उभी राहून खाली उभ्या असलेल्या गाडीकडे बघते. काल मी खाली जाऊन चाकांची माती धुतली. ती वरून बघत होती. एक चाक राहिलं ते तिनं बोटानं दाखवलं.

आज सकाळी चहा मी ओतला. ती समोर बसली.

“काय म्हणतेय पट्टी?”

मी चष्मा लावून सगळं वाचलं. हातवारे नाहीत, नक्कल नाही. सगळे ठोके जागेवर. एकही गैरहजर नाही. पहाटे कुणीही उठून बसलेलं नाही.

तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. हा संशय मला ओळखीचा होता, तो मागच्या महिन्यात माझ्याच चेहऱ्यावर वावरला होता.

“मला बरं वाटावं म्हणून काही गाळलं नाहीत ना?”

“नाही.”

“परत वाचा.”

मी पहिल्यापासून परत वाचलं.